सीध्या पायांचं भूत

नेरच्या मोटार स्टँडवर बाबांनी माझी पेटी टपावर चढवली, दोरी ओढून पाहिली आणि खाली उतरून म्हणाले, "समजलं नाही त इचारजो. लाजू नोको." मायची ताकीद एकच, "शिनेमे पाहत फिरू नोको, बापू." मोटार हलली तरी तिचा हात खिडकीच्या गजावर होता. आमच्या घरातून कॉलेजात निघालेला मी पहिलाच.

नागपुरात मी काहीच विचारलं नाही. तोंड उघडलं की 'मला'च्या जागी 'मले' यायचं आणि मागच्या बाकांवर हशा पिकायचा. अशात एक स्वस्तातला भुताचा सिनेमा लागला. मायची क्षमा मागून सांगतो, पाहिला. एक पडकं घर, एक पांढरं लुगडं, आणि बाई हवेत तरंगताना चक्क दिसणारी तार. वर्तमानपत्रांनी त्याला धू धू धुतलं. वर्गातली मुलं त्या तारेवर कितीतरी दिवस हसली. मी खरं तर घाबरलो होतो, पण हसलो.

दिवाळीत घरी गेलो तर तोच सिनेमा नेरात, तंबूत! दिवेलागणीच्या खेळाला मायला घेऊन गेलो. भूत पडद्यावर आलं आणि तंबू चिडीचूप झाला. तेवढ्यात माय उठून उभी राहिली.

"अवो, इचे पाय पाहा! सीधे हायेत. भुताचे उलटे रायतात. हे भूत नोय, कोनी सोंग घेऊन राह्यलं!"

"पन मावशी, थे उडून राह्यली नं!" मागून कोणीतरी म्हणालं.

"तार दिसत नाही काय तुले? तारेनं त मीबी उडन!"

झालं! तिथून पुढं अख्खा तंबू चोर शोधायला लागला. सिनेमातले दिवाणजी, नवरा, धाकटी जाऊ, कोणी सुटलं नाही. सिनेमा संपला तरी सोंग कोणाचं ते कळेना, तेव्हा लोकांनी तंबूवाल्याला घेरलं. "सेवटचं रीळ कायले कापलं?" तो बिचारा गळ्याला हात लावून सांगत होता, "बाप्पा, भूतच हाय थे!"

परतल्यावर हे कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी लिहायला बसलो. आधी मायचं बोलणं शुद्ध करून 'हिचे पाय सरळ आहेत' असं लिहिलं. कागदावरचा तंबू पार विझला. खोडलं, 'सीधे हायेत' लिहिलं. कागद डकवून खांबाआड उभा राहिलो. मला हसतात त्याची सवय झाली होती, पण आता मायवर हसले तर?

हसले. पोट धरून हसले. एक जण मोठ्यानं वाचायला लागला, पण मायचा हेल त्याला जमेना. मला राहवलं नाही. पुढं होऊन म्हणालो, "'अवो' लांब ओढा लागते." आणि सगळं मायसारखं म्हणून दाखवलं.

मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मग सोंग होतं तरी कोणाचं?"

"मले काय मालूम!"

त्या 'मले'कडे कोणाचं लक्षच नव्हतं. दिवाणजी की धाकटी जाऊ, हे भांडण थेट मेसपर्यंत गेलं, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

नेरात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखी पेटी घेऊन निघालेल्यांनो, तुमचं घर तुम्हाला कशात सापडतं ते मला माहीत नाही. मी सुटीत दारात पाऊल टाकतो तेव्हा माय पाणी पुढं करते आणि तांब्या हातात यायच्या आत विचारते, "शहरात कळलं असन नं आता? कोन व्हता थो?"