भाऊजींचा शटडाउन

पाहुणा दारात आला की आमचे भाऊजी आधी त्याच्या हातात चार्जर आहे का ते बघत, मग तोंडाकडे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. भिलाईच्या कारखान्यात इलेक्ट्रिकलमध्ये सारी नोकरी काढून रिटायर झाले आणि बोरसीला आमच्याच घराच्या मागच्या खोल्यांत राहू लागले. भिंतीवर तळहात ठेवून आतली वायर तापते का ते पाहायचे. त्यांचं म्हणणं एकच, "वहिनी, करंट उगाच जात नाई. कोणीतरी खाऊन राहिला असते."

मी तेव्हा साठीची, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. मुलगी मिनी मालवाहू जहाजावर नोकरीला. भर समुद्रात फोन लागत नाही म्हणून ती ईमेल करायची, त्यासाठी मला स्मार्टफोन घेऊन दिलेला. मी तो पदराखाली झाकून सुपेल्याच्या बाजारात न्यायची आणि चार बायका दिसल्या की मुद्दाम बाहेर काढायची. दुपारपर्यंत बॅटरी संपे. मला वाटायचं, माझ्या पाहण्यानं झिजते. म्हणून काही दिवस मी एकाच डोळ्यानं पाहत होते.

शेवटी भाऊजींनी फोन ताब्यात घेतला. कोण किती बॅटरी खातो याची यादी आतच सापडली, तेव्हा त्यांचा चेहरा चोर पकडल्यासारखा झाला. "पाहा, तुमी झोपल्या तरी हे सारे आतमंदी जागून राहिले." एकेकाला त्यांनी बंद केलं. मग कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे फोनच्या कव्हरला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा टॅग बांधला. 'शटडाउन. हात लावू नये.' खाली सही. ज्यानं टॅग बांधला त्यानंच सोडायचा, दुसऱ्यानं बटण दाबलं तर कारखान्यात माणूस मरतो, हे आमच्या वस्तीतल्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. फोन मी उघडायची, पण सेटिंगकडे बोट नेलं नाही.

बॅटरी दोन दोन दिवस पुरू लागली. मिनीचे मेल मात्र थांबले.

माझा संशय मिनीवर गेला. पोरीनं जहाजावरच लग्न उरकलं असणार. मनातल्या मनात मी जावयाला दाढीसुद्धा दिली. भाऊजींचा संशय कॅप्टनवर. "पोरीच्या चिठ्ठ्या दाबून ठेवत असन तो."

मी भीत भीत विचारलं, "भाऊजी, तुमच्या शटडाउनमुळं तर नसन?"

"मीनं खाणारे बंद केले वहिनी, आणणारे नाई."

एका शनिवारी सकाळी टीव्हीवर वादळात अडकलेल्या कुठल्याशा जहाजाची बातमी आली. ताटं तशीच राहिली. भाऊजींनी अंगणात फेऱ्या मारल्या, मग आत येऊन चष्मा लावला. "आणा तो फोन. एक बार माह्यावरच संशय घेऊन पाहतो."

असं त्यांना करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी टॅग सोडला. जे जे बंद केलं होतं ते एकेक चालू करत गेले, दर वेळी थांबून, कान देऊन. मेल आपोआप आणणारं बटण चालू झालं आणि फोन वाजतच सुटला. सगळ्यात वर मिनीचा आदल्या दिवशीचा मेल. 'आई, रविवारी जहाज विशाखापट्टणमला थांबतंय, एकच दिवस. येशील का? उत्तर दे ना.'

मी रडत बसले, 'येतो' असं उत्तर भाऊजींनी मिनीला पाठवलं आणि पिशवीही त्यांनीच भरली. दुर्गहून मिळाली त्या गाडीत चढलो.

बंदराच्या गेटाबाहेर मिनी आली, थोड्या वेळाची परवानगी काढून. उन्हानं रापलेली, दाढीवाला कोणी सोबत नाही. "आई, इतके मेल केले. इतके दिवस उत्तर कावून नाई दिलं?"

मी नेटवर्कचं काहीतरी जुळवत होते, तोवर भाऊजी पुढे झाले. "मीनं बंद केलं होतं, बेटा. तुह्या मायले बोलू नको."

"मले तुमचाच संशय होता, काका," असं म्हणून ती त्यांच्या गळ्यात पडली.

गेल्या हिवाळ्यात भाऊजी गेले. मिनी तेव्हाही समुद्रातच. कळवणारा मेल मी लिहिला आणि पाठवला. विशाखापट्टणमहून आल्यापासून मी कधीही मेल पाठवला की ते मागच्या दारात येऊन विचारायचे, "गेला का जी? पक्कं? पुन्हा पाहा." मी पुन्हा पाहिलं. गेला होता. तरी मिनीचं उत्तर येईपर्यंत मी फोन हातात धरून बसले. इतका मोठा संशय मला एकटीला घ्यायची सवय नव्हती.