सर्व समाजघटकांच्या उपस्थितीत

आण्णांनी ग्लास हातात घेतला आणि विचारलं, "ताई, आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

ग्लास ओठांपर्यंत गेला होता. तिथूनच खाली आला. आण्णा उठले. खिडकीतल्या मनीप्लँटच्या कुंडीत सगळं पाणी ओतलं. सावकाश. मग ड्रायव्हरला हाक मारली, "गाडीतली बाटली आन रे." आणि माझ्याकडे बघून हसले. "राग मानू नका. आमाला बाटलीचीच सवय हाय."

शिपाई रजेवर, म्हणून पाणी मी नेलं होतं. मी कारकून. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कालव्याला पाणी सोडणाऱ्या सरकारी ऑफिसात. येईल त्या कागदावर शिक्का मारायचा, आवक रजिस्टरला नंबर टाकायचा, हे माझं काम. परीक्षा देऊन मिळवलेलं. आण्णा म्हणजे कालव्याकाठचे मोठे ऊस बागायतदार. ते आले की साहेब खुर्चीतून उठतात.

साहेबांनी सगळं पाहिलं होतं. इंजिनिअर माणूस, शिकलेला. संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "मॅडम, पाहुणे असले की तुम्ही पाणी घेऊन येत जाऊ नका. उगाच कशाला?"

मी काय म्हणाले? "बरं सर."

त्या दोन शब्दांची मला आजही किळस येते. आण्णांच्या हसण्यापेक्षा जास्त. दुसऱ्या दिवसापासून मी घरून माझी बाटली न्यायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसच्या जारला मी आपणहून हात लावणं सोडलं. कुणी विचारलंही नाही, का म्हणून.

घरी आईला सांगितलं. पाथर्डीकडची आमची कोरडी जमीन सोडून आईनं दरसाल दुसऱ्यांच्या फडात ऊस तोडला, मला शिकवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आमच्या टायमाला वरून वतायचे वंजळीत. आता बाटली आनत्यात. लई सुधारले."

हसली नाही. मीही नाही.

चार महिने असेच गेले. मग कालव्याला पाणी सोडायचं ठरलं. आधी जलपूजन. ऑफिसात आम्ही दोघीच बायका. दोघींनी एकेक कलश धरायचा, असं साहेबांनीच ठरवलं. मी काठाची साडी नेसून गेले. आण्णांची गाडी पुलावर दिसली आणि आमचे हेडक्लार्क धावत आले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी माझ्या हातातून कलश काढून घेतला, आण्णांच्या सुनेकडे दिला. मला म्हणाले, "तुमी जरा मागं उभ्या ऱ्हा. फोटो हाय."

नारळ फुटला. गेट उचललं. गढूळ पाणी फेसाळत उसाकडं निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हातांना घाण लागल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं. कार्यक्रमाचा अहवाल टाइप करायचा होता. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "सर्व समाजघटकांच्या उपस्थितीत जलपूजन उत्साहात पार पडले."

माझा पेन थांबला. साहेब म्हणाले, "टाका की. तुम्ही होताच ना."

माझं पाणी चालत नव्हतं, माझा हात चालत नव्हता. कागदावर मोजायला तेवढी मी चालत होते.

"हे मी लिहिणार नाही, सर," मी म्हणाले.

जागेवर आले. अर्ज लिहिला, वरच्या साहेबांच्या नावे, आमच्या ऑफिसमार्फत. कुंडीतलं पाणी, ते "उगाच कशाला", काढून घेतलेला कलश. नावांसकट. कुणी घ्यायला नकार देणार नव्हतं, कारण कागद घेणारी मीच होते. शिक्का मारला. नंबर टाकला. पोच स्वतःकडे ठेवली.

तासाभरात भाऊसाहेब टेबलापाशी आले. "ॲट्रॉसिटीची भीती दाखवता का? फाडा रजिस्टरचं ते पान."

"पानांवर नंबर छापलेत, भाऊसाहेब."

मग साहेब आले. आवाज मऊ. "मॅडम, सगळी नोकरी पुढं पडलीय तुमची."

"नोंद झालीय, सर."

आता ऑफिसात माझ्याशी कुणी बोलत नाही. बदली होणार म्हणतात, लांब कुठंतरी. होऊ दे. उद्या मी पोच घेऊन नगरला वरच्या ऑफिसात जाणार आहे. तिथं कागद दाबला, तर पोलीस ठाण्यात. त्यांची नावं लिहिलीत. माझी जातही मीच लिहिलीय, स्वतःच्या हातानं. त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही.