नरसय्या अण्णांच्या सावलीबाबत

अर्जदार : मी स्वतः, कचेरीबाहेरचा अर्जलेखक, इयत्ता सातवी उत्तीर्ण, अनुभव उभ्या हयातीचा.
सामनेवाले : आमच्या अर्जलेखक संघाचे अध्यक्ष बाळासाहेब.
साक्षीदार : कचेरीच्या दारातले चहावाले कादरभाई, आणि कै. नरसय्या अण्णांच्या पत्नी नरसम्मा.
घटनेची वेळ : यंदाची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली त्यानंतरचा सोमवार, सकाळचे तिरपे ऊन.
वादाचा विषय : एक सावली.

ज्यांनी अण्णांना पाहिले नाही, त्यांच्या माहितीसाठी प्रथम त्यांचे वर्णन करणे अगत्याचे आहे. अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातले. घरात तेलुगू, दारात मराठी. माझ्या टेबलाशेजारी त्यांची पासपोर्ट फोटोची टपरी होती. कॅमेरा डोळ्याला लावला की त्यांचे उजवे कोपर पाखराच्या पंखासारखे वर जाई. गिऱ्हाइकाला ‘हसा’ असे ते कधीही म्हणाले नाहीत. "अर्ज करायला आलाय का माफी मागायला? मान वर!" एवढेच म्हणत, आणि ताठ मानेचा फोटो हातात देत.

एका गोष्टीचा मात्र त्यांना भयंकर राग होता. घरात कोणी गेले की लोक मयताचे आधारकार्ड घेऊन येत आणि त्यावरचा फोटो हारासाठी मोठा करून मागत. "जित्तेपणी माणसाला कॅमेऱ्यासमोर हुबं करत न्हाईत," अण्णा म्हणत, "आणि मेल्यावर मला म्हणतात, ह्याच्यातनं आमचा बाप काढून द्या!" असे बोलून ते काम मात्र मन लावून करीत.

गेल्या हिवाळ्यात मंगळवार बाजारात, जुन्या सामानाच्या ढिगात, त्यांना एक वाइड लेन्स सापडली. काळा रंग उडून पितळ दिसू लागलेले, आत बुरशीचा बारीक ठिपका. अण्णांनी पेटीतला जुना कॅमेरा बाहेर काढला, पुण्याहून कृष्णधवल रोल मागवला आणि मला लेन्सचा स्वभाव समजावून सांगितला. "ही लग्नातली आत्या हाय, रायटरसाहेब. सगळ्यांना कवेत घेती, पण कडेला सापडला त्याचा गाल ओढती."

लेन्स पारखण्यासाठी त्यांना एक सरळ रांग हवी होती. आमची कडुलिंबाखालची रांग त्यांनी निवडली. "टेबलं तेवढी सरळ हायती, माणसं कशी का असंनात." कचेरी नव्या इमारतीत जाणार, रांग मोडणार, हे नक्की झाले होते, त्यामुळे संघानेही संमती दिली. अण्णा मला म्हणाले, "तुमी कडेला बसा. गाल ओढला तर चेहरा भरल्यागत दिसंल." मी स्पष्ट नकार दिला. प्रश्न ज्येष्ठतेचा होता. मी मागच्या रांगेत, बरोबर मध्यभागी, स्टुलावर उभा राहिलो.

"आता कसं!" अण्णा म्हणाले. "कचेरीवरचा झेंडाच की!"

ऊन त्यांच्या पाठीशी होते. ते एकेक पाऊल पुढे येत गेले, आणि त्यांची सावली त्यांच्याही पुढे येत आमच्या टेबलांच्या पायांशी पोचली. पुढच्या रांगेच्या टोकाला बसलेले बाळासाहेब ओरडले, "अण्णा, मागं सरका! सावली येतीय तुमची!"

"मागं सरकलो की तुमी मुंगळे दिसता. हिच्यातनं बघायचं तर जवळच यावं लागतंय."

"आणि सावलीचं काय?"

"येऊ दे की. ती काय खुर्ची मागतीय?"

कोपर वर गेले. खटका वाजला.

रोल अण्णांनी घरीच धुतला. फोटोत टोकाच्या बाळासाहेबांचा गुडघा त्यांच्या डोक्याएवढा आला होता. माझी टोपी वरच्या कडेला टेकली होती, आणि खाली धुळीत, एक कोपर वर केलेली सावली. अण्णांनी फोटो उजेडात धरला. "फोटोच्या कडा जरा पुसट हायती. पण लेन्स म्हातारी असली तरी थकलेली न्हाई." एक प्रत संघाला दिली, एक मला.

पावसाळ्यात अण्णा हृदयविकाराने गेले. दहाव्याच्या आधी नरसम्मा माझ्या टेबलाशी आल्या. त्यांच्या हातात अण्णांचे आधारकार्ड होते.

"घरात दुसरा फोटोच न्हाई, बाबू. दुनियेचे काढत बसले."

कार्डावरचा तो ओळख न पटणारा, भ्यालेला चेहरा मी पाहिला आणि कार्ड त्यांना परत केले. टेबलाच्या खणातून माझी प्रत काढून दिली.

"ह्यात कुटं हायती ते?"

मी बोट ठेवले. त्या पाहत राहिल्या. पाहता पाहता त्यांचे स्वतःचे कोपर किंचित वर आले. "हेच की," त्या म्हणाल्या, आणि फोटो पदराखाली घेऊन गेल्या.

दहाव्याला हार त्याच फोटोला घातला होता. सावलीच्या वर आम्ही सारे अर्जलेखक, धडधाकट, झेंडूच्या हारात. कादरभाई माझ्या कानाशी लागले, "रायटरसाब, हार तो तुमारे पे बी चढ गया."

"येऊ द्या," मी म्हणालो.

आता मूळ तक्रार. नव्या इमारतीत संघाच्या खोलीत बाळासाहेबांनी संघाची प्रत लावली आहे. फ्रेम जुन्या मानपत्राची, उंचीला कमी. म्हणून त्यांनी फोटोची खालची पट्टी कापून टाकली. मी जाब विचारला.

"खाली काळा डाग दिसत होता. बघणारा विचारतो, हे काय?"

"तो डाग नव्हे. ते अण्णा आहेत."

"अहो, फ्रेम हाय तेवढीच हाय! खालनं कापलं नसतं तर वरनं कापावं लागलं असतं. वर कोण हाय, ठाऊक हाय का?"

मला ठाऊक होते.

सबब संघास विनंती की, निगेटिव्ह नरसम्मांकडे सुरक्षित असून त्या ती देण्यास राजी आहेत. त्यावरून नवी प्रत काढून सावलीसह भिंतीवर लावावी. नवी फ्रेम शक्य नसल्यास आहे त्याच फ्रेममध्ये बसवावी. मात्र कापणे ते वरून कापावे. त्यात अर्जदाराची टोपी, कपाळ व डोळे जातील. त्यास अर्जदाराची हरकत नाही.

निर्णय लेखी कळवावा.

अर्जदार,
मागची रांग, मध्यभागी, स्टुलावर.