गुत्त्यातली चौकशी

लग्नाच्या मुलाची चौकशी देवळात किंवा तलाठ्याकडे करून काही उपयोग नसतो. ती गुत्त्यात करावी लागते. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी आमच्या वडिलांनी मुलाची शेती पाहिली, विहीर पाहिली, गोठ्यातली जनावरंसुद्धा मोजली. मुलगा संध्याकाळी कुठे असतो, तेवढं पाहायचं राहिलं. बहिणीनं अकरा वर्षं मार खाल्ला आणि शेवटी माहेरी परत आली. तेव्हापासून भावकीतली कुणाचीही मुलगी द्यायची झाली की चौकशीला मला पाठवतात, कारण माझा कुणावरच विश्वास बसत नाही.

मी कवठे महांकाळचा, प्राथमिक शाळेतला निवृत्त शिक्षक. या कामापायी सातारा-सांगलीतले इतके परमिट रूम आणि देशीचे गुत्ते मी आतून पाहिलेत की एखाद्या पट्टीच्या दारुड्यानंही पाहिले नसतील. पद्धत ठरलेली. पर्यटक बसतात त्या झगमगाटी बारमध्ये पाऊल टाकायचं नाही, तिथल्या वेटरला गावातलं कुणी माहीत नसतं. गावाच्या मागच्या अंगाला, गॅरेजच्या किंवा जनावरांच्या दवाखान्याच्या आसपास पत्र्याचं शेड शोधायचं. क्वार्टर मागवायची, ग्लासात ओतायची, ओठाला लावल्यासारखं करायचं आणि हळूच शेजारच्यापुढे सरकवायची. फुकटची मिळाली की माणूस बोलतो. मग आधी उसाचं, मग पावसाचं, आणि सगळ्यात शेवटी सहज आठवल्यासारखं त्या मुलाचं. समोरचा झटकन ‘पोरगं सोन्यासारखं’ म्हणाला की मी सावध होतो. मी थेंबही घेत नाही, पण घरी आलो की बायको शर्ट बाहेरच्या दांडीवर काढून ठेवायला लावते.

असं करून मी फौजेतला एक आणि साखर कारखान्यातले दोघे नापास केले. कोयनानगरकडचा एक पास केला. त्याचा संसार आज चांगला चाललाय, तरी माझी त्याच्यावर नजर आहेच.

मग माझ्याच मुलीची वेळ आली. मुलगा महाबळेश्वरचा. स्वतःची टॅक्सी, थोडी स्ट्रॉबेरी, घरी तो आणि आई, वडील वारलेले. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, आणि त्यानंतर दोन महिने दोघं फोनवर बोलत होती. सांगलीत नोकरी करणारी माझी मुलगी, तीसहून जास्त स्थळं बघून कंटाळलेली, पहिल्यांदाच एखाद्याचं नाव घेताना हसत होती. ती मला स्पष्ट म्हणाली, “बाबा, मला हा मुलगा हवाय. काय विचारायचं ते त्यालाच विचारा.” मी “बरं” म्हणालो आणि ऑगस्टातल्या एका गुरुवारी त्याला न कळवता एसटीनं वर गेलो.

बाजारपेठेत पुण्याकडची मंडळी रंगीत रेनकोट घालून मक्याची कणसं खात होती. ती ओलांडून मी खालच्या वस्तीकडे उतरलो. पावसाळ्यात टॅक्सीवाल्यांना धंदा नसतो, त्यामुळे इथली शेडं दुपारीच भरतात. पहिल्या शेडाला चहूबाजूंनी निळं प्लास्टिक बांधलं होतं.

“कुठलं पावनं?” मालकानं विचारलं.

“सांगलीकडचा.”

मी क्वार्टर मागवली, पावसाचं बोललो, आणि मुलाचं नाव पुरतं तोंडातून बाहेर पडायच्या आत मालक म्हणाला, “त्यो न्हाई येत हितं.” दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गुत्त्यात मला तेच ऐकायला मिळालं. दोन ठिकाणी एकच उत्तर म्हणजे या लोकांना कुणीतरी पढवून ठेवलंय, अशी माझी खात्री पटली. टॅक्सीवाले एकमेकांना सांभाळून घेतात, हे मला ठाऊक होतं.

शनिवारी मी मेढ्याच्या रस्त्यावरच्या तिसऱ्या शेडात शिरलो. तिथे मी सरकवलेला ग्लास शेजारच्या माणसानं परत माझ्यापुढे ठेवला. फुकटची दारू कुणी परत केल्याचं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मालक मोबाइल घेऊन मागच्या बाजूला गेला, आणि अर्ध्या तासानं मुलगाच दारात उभा राहिला.

“नमस्कार, मामा,” तो म्हणाला. बसला मात्र नाही. भरलेल्या ग्लासाकडे आणि बाटलीकडे त्यानं एकदा पाहून घेतलं. “तीन दिस झालं तुमी हितं फिरताय. लोकांना वाटलं एक्साइजचा मानूस हाय. काल एकानं तुमचा फोटू काढून मला पाठवला.”

“अहो, मी तुमच्या चौकशीला आलोय. मी घेत नाही.”

त्यानं कोपऱ्यातल्या बाकाकडे बोट केलं. “माझा बा हितंच बसायचा, मामा. त्यो गेल्यापास्नं मी ह्या दारांत पाय ठेवला न्हवता, आज तुमच्यासाठी आलो. आईनं फोटू बघितला. ती म्हनती, दारूच्या घरात सोयरीक नगं. पोरीचा काय दोष न्हाई, पन येनंजानं जन्माचं आसतं.”

“मी खरंच पीत नाही हो.”

“व्हय, मामा,” तो म्हणाला. लहान मुलाची समजूत काढावी तसं.

त्यानं मला आपल्या टॅक्सीतून एसटी स्टँडवर सोडलं. माझ्या सदऱ्यावर सांडलेल्या दारूचा वास त्याला सहन होईना, म्हणून धो धो पावसात त्यानं आपल्या बाजूची काच पूर्ण खाली घेतली. त्याची बाही खांद्यापर्यंत भिजली. मुलगा निर्व्यसनी होता. आजवर केलेल्या एकाही चौकशीत मला इतका पक्का पुरावा मिळाला नव्हता, आणि मी तो मांडीवर पिशवी घेऊन मुकाट्यानं बघत बसलो होतो. मला माझी लाज वाटली.

रविवारी मुलगी सांगलीहून आली. तिला सगळं आधीच कळलं होतं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, पण ती समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “मला तुमचा खूप राग आलाय. मी त्याला रात्रभर समजावलं. माझं त्याला पटतं, पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो आईशी बोलणार नाही.”

तिनं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. ती माझ्याकडे बघत होती. आपण दारू पीत नाही, एवढंच मला सांगायचं होतं. इतक्या वर्षांत हे मला किती जणांनी शपथेवर सांगितलं होतं, आणि त्यांच्यातल्या एकावरही मी विश्वास ठेवला नव्हता.

“बोला, मामा,” तो म्हणाला.