आधी दोन शेणी

“बोलायचंय? मग आधी दोन शेणी उचला.”

पंचगंगेकाठच्या स्मशानात कॅप्टनसाहेबांच्या या वाक्यानं भल्याभल्यांचे घसे बसलेले मी पाहिले आहेत. आमच्या कोल्हापुरात माणसाला शेणींवर जाळतात. बाहेरगावचे लोक त्यांना गोवऱ्या म्हणतात. शिमग्याला गल्लीगल्लीतली मंडळं आपली होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानाला देतात. आमच्या पेठेतल्या शेणी गोळा करायच्या, टेम्पोत भरायच्या, पावसाळ्यात कोरड्या राहतील अशा रचायच्या, हे काम कॅप्टनसाहेबांनी निवृत्तीनंतर आपणहून अंगावर घेतलं होतं. पेठेत कुणी गेलं की मयताच्या घरच्यांच्या आधी ते घाटावर पोचलेले असत.

‘कॅप्टन’ हे मानद. आजऱ्याकडच्या एका खेड्यातून शिपाई म्हणून भरती झाले आणि सैन्यातून बाहेर पडताना कॅप्टन झाले. मी एकदा त्याचं कौतुक करायला गेलो, तर म्हणाले, “मास्तर, जाताना दिलंय ते. नारळ देताना टोपी घालत्यात का न्हाय, तसं.”

घाटावरची भाषणं तुम्हीही ऐकली असतील. चिता पेटायच्या आधी कुणीतरी खाकरतो, चष्मा पुसतो, आणि कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण होते. अशा पोकळ्या आमच्या पेठेत इतक्या झाल्या आहेत की पेठ अजून उभी कशी, याचंच नवल वाटतं. एकाचं झालं की दुसरा. मयताचा मुलगा मडकं खांद्यावर घेऊन उभा आणि वक्ते त्याच्या बापाशी असलेली आपली ओळख वाढवत बसलेले.

कॅप्टनसाहेब अशा वेळी शेणींच्या ढिगाजवळून हाक मारत. “ओ पावणं! बोलणार हाईसा न्हवं? या हिकडं.”

एकदा निवडणुकीला उभे राहणारे एक गृहस्थ परीटघडीचे कपडे घालून आले होते. त्यांनी दोन बोटांत एक शेणी धरली. “अशी न्हाय, काय मेलेला उंदीर हाय व्हय ती? छातीशी धरा!” कॅप्टनसाहेब ओरडले. सदऱ्यावर गोल डाग पडला. गृहस्थ दोन वाक्यं बोलले आणि नळावर गेले. ती दोन वाक्यं बरी होती.

“एवढी काय घाई असते हो तुम्हाला?” मी विचारलं.

“मला कसली घाई? त्याला थांबवायचं न्हाय.” त्याला म्हणजे मेलेल्याला.

पण एका हमालाच्या वेळी त्यांनी स्वतःच सगळ्यांना थांबवलं. हमाल एकटा राहायचा. भाऊ कर्नाटक सीमेपलीकडच्या कुठल्याशा गावाहून एसटीनं निघाला होता. दुपार कलली तरी पत्ता नाही. मी त्यांना त्यांचाच नियम ऐकवला. ते चिडले. “भाऊ हाय त्यो त्याचा! भाषान कराय न्हाय येत!” भाऊ आला, कानडीत रडला, आणि कॅप्टनसाहेबांनी त्याला पाठीला धरून चितेपर्यंत नेलं.

त्या दिवशी परतताना चहाच्या गाड्यावर त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. नोकरीत असताना ते एका जवानाची शवपेटी घेऊन त्याच्या गावी गेले होते. शाळेच्या पटांगणात मंडप घातलेला. पण मंडपाखाली खुर्च्या, आणि पेटी पुढं उन्हात. कुणी मोठे यायचे होते. ते निघाले होते. बराच वेळ ते निघालेलेच होते.

“आई उठली त्याची,” कॅप्टनसाहेब म्हणाले. “पदर सोडला आन् पेटीवर धरला. सावली म्हणून. मला म्हणाली, ‘साहेब, कुणाची वाट बघताय?’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी सावधानमदी हुतो.” त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला. “तवा तोंड उघडलं न्हाय. म्हणून आता उघडतोय.”

गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. घाट सुटला. दाराशी खुर्ची टाकून बसायचे, घाटावरून आलेल्या माणसाला तिथूनच विचारायचे, “किती येळ बोललं?”

“आटोपशीर झालं,” मी सांगायचो.

“खोटं.” जीभ जड झाली होती, पण हा शब्द स्पष्ट यायचा. एकदा त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. “मला उन्हात ठिवू नका, मास्तर.” त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आत भाकऱ्या थापत होत्या. त्यांचा हात थांबला, आणि पुन्हा थापायचा आवाज सुरू झाला.

ते पहाटे गेले. पुण्याहून मुलगा आला, आजऱ्याकडचे पाहुणे आले, तिरडी बांधून झाली. आणि फोन आला. साहेब निघालेत. मुलगा मला म्हणाला, “काका, एवढा मोठा माणूस येतोय. बाबांचाच मान आहे ना?” पोरगा वाईट नव्हे. कोपऱ्यावर तासाभरात फलक लागला होता. त्यावर कॅप्टनसाहेबांपेक्षा येणाऱ्या साहेबांचा फोटो मोठा होता. मी मुलाला म्हणालो, त्यांची तशी इच्छा नव्हती. हळूच म्हणालो. तो म्हणाला, “पाचच मिनिटं.”

ऊन गल्लीत उतरलं. आधी त्यांच्या पायांवर आलं, मग छातीवर. चेहऱ्यापर्यंत पोचलं तशा वहिनी बायकांमधून उठल्या. खांद्यावरचा पदर सोडला, दोन्ही हातांनी ताणला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर धरून उभ्या राहिल्या. कुणाकडे बघितलं नाही. कुणाला काही विचारलंही नाही.

मुलाला पटांगणातली ती गोष्ट ठाऊक नव्हती. तरी त्याला ते बघवेना. “उचला,” तो म्हणाला.

घाटावर आम्ही शेणी रचल्या. अग्नी दिला. जाळ वर चढला तेव्हा मोटारी आल्या. साहेबांनी हात जोडले, खाकरले, आणि कॅप्टनसाहेबांना कर्नल करून भाषण सुरू केलं. शेणींचा ढीग त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. लोक एकमेकांकडे बघत होते. ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. कुणीच म्हटलं नाही. साहेब सावकाश, सविस्तर बोलले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“भाषान झालं?”

“झालं.”

“शेणी उचलल्या त्येनी?”

“नाही.”

मग माझ्या सदऱ्यावरच्या गोल डागाकडे बघून म्हणाल्या, “तुमी उचलल्यासा न्हवं?”

“हो.”

“मग तुमी बोलायचं हुतं की.”