फक्त वर्ष बदलायचं होतं

गेल्या गुरुवारी सकाळी कारंज्यातल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन वाजला. तळेगावच्या कमलाबाई होत्या... "मॅडम, तुमचा मेसेज काऊन नाई आला? गाय सकाळपासून उठबस करून राह्यली, अन् वासराचा एकच पाय बाहेर दिसून राह्यला!"

गाय भरवल्याची, म्हणजे रेतन केल्याची, तारीख मी कॉम्प्युटरवर टाकते. त्यावरून विण्याची तारीख निघते आणि दोन दिवस आधी मालकाला मेसेज जातो. डॉक्टरही तीच यादी बघून एक चक्कर मारून येतात.

डॉक्टर लगेच बाईक काढून निघाले. मी कमलाबाईंच्या गाईची नोंद उघडली... दिवस बरोबर, महिना बरोबर, वर्ष चुकीचं! मग दुसरी नोंद, तिसरी... सगळ्याच गाई यंदा भरवलेल्या. काही तर येत्या ऑगस्टात!

मग आठवलं. जानेवारी लागला तरी सवयीने मी अठरा नोंदींत जुनंच वर्ष टाकलं होतं. सोमवारी ते दुरुस्त करायला कमांड लिहिली... दिवस-महिना तसाच ठेव, फक्त वर्ष बदल. पण कोणत्या अठरा नोंदींत, ती ओळच लिहायची राहिली, म्हणून सगळ्याच नोंदींचं वर्ष बदललं. आणि किती नोंदी बदलल्या ते न बघताच मी चहाला उठले होते.

रविवारचा बॅकअप होता म्हणून तारखा परत मिळाल्या. मेसेज चुकलेल्या बाकीच्या सहा जणांना एकेक फोन केला. पण जीव सगळा तळेगावात... डॉक्टर फोन उचलेनात. खुर्चीत बसवेना. उगाच दारापर्यंत जायचं, परत यायचं.

दीड वाजता कमलाबाईंचाच फोन. "कालवड झाली मॅडम! डॉक्टरसाहेबानं आत हात घालून दुसरा पाय सरळ केला. दोघी बी बऱ्या हायेत."

"वा, छान" म्हणून फोन ठेवता आला असता... "कमलाबाई, मेसेज माझ्या चुकीमुळे नाही आला," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "लई घाबरली होती मी. पुन्हा असं नोको करजो, पोरी." आणि लगेच, "परवा येजो. चिकाच्या वड्या खायले."

गेले. कालवड गोठ्यात नुसती उड्या मारत होती. तिला हात लावायला मी धजेना... कमलाबाईंनीच माझा हात धरून तिच्या पाठीवर ठेवला.