देवदारी खुर्च्यांना हळद

लढाईच्या दिवसांत सागवान मिळेनासं झालं आणि आमच्या घरात देवदार शिरलं. दादा वसमतला कापसाच्या एका जिनमध्ये कामाला होता. तिथं यंत्रं यायची ती देवदारी फळ्यांच्या मोठाल्या खोक्यांतून. रिकामी खोकी दादानं बैलगाडीत घालून आणली, एका मिस्त्रीला अंगणात बसवलं आणि चार खुर्च्या, एक टेबल नि एक बाक करून घेतला. दादाला वाटलं, आपल्या घरी आता हैदराबादचा दरबार भरला.

मला मात्र त्या खुर्च्या पाहिल्या की हसू फुटायचं. पांढऱ्याफटक, अंगभर गाठी, आणि एकीच्या पाठीवर खोक्यावरची इंग्रजी अक्षरं उलटी राहिलेली. शेजारी जुना सागवानी झोपाळा, तेल पिऊन पिऊन काळाकुट्ट. बाभळीची बाज तांबूस, कडुनिंबाचे पाट पिवळट. वहिनी कपाळाला हात लावून म्हणायची, "ही बैठक हाय का बाजार? ज्याचा रंग त्याच्यापाशी!"

आई-वडील गेल्यावर मला वहिनीनंच सांभाळलं. वयानं ती माझ्याहून थोडीच मोठी, आणि हसण्यात माझ्याइतकीच वाया गेलेली. आम्ही दोघी एकत्र कामाला बसलो की दादा बाहेरूनच ओरडायचा, "काम करून राहिल्या का खिदळून राहिल्या?" आम्ही दोन्ही करत असू.

अशात हिंगोलीहून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. मुलाचे वडील फार कडक, कितीतरी मुली नाकारून बसलेले. कुणाचं घर ठेंगणं, कुणाचा मामा तोतरा. त्यांच्या घरी म्हणे पाटापासून पाळण्यापर्यंत सगळं सागवान. दादा धास्तावला. मी त्याच्याहून जास्त धास्तावले, कारण तो मुलगा मी पाहिला होता. हिंगोलीच्या एका लग्नात त्यानं मंगलाष्टक म्हटलं होतं, इतकं बेसूर की घोडी बिचकली, आणि तरी शेवटच्या ओळीपर्यंत गडी मागं हटला नाही. त्या दिवसापासून मला दुसरं कुणी नको होतं. हे फक्त वहिनीला माहीत होतं.

"वन्सं," वहिनी पदर खोचून म्हणाली, "तो म्हातारा पयल्यांदा खुर्च्या बघंल, मंग तुमाला. पोरीच्या आधी खुर्च्या सजवा."

रोगण बाजारातून गायब होतं. पण वसमतला रंगाची काय वानवा? हळदीचा हंगाम चालू होता, गल्लोगल्ली हळद शिजत होती, नाकातोंडात हळद. हळदीत चुना पडला की ती लाल होते हे कुंकू लावणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. त्यात दादाच्या पानाच्या डब्यातला कात कुटून घातला, तर मडक्यात थेट सागवानाचा रंग उतरला. वहिनी आनंदानं इतकी उडाली की मडकं थोडक्यात वाचलं.

मिस्त्री जाताना बजावून गेला होता, "बाई, पैले रंग, बाद में तेल." आम्ही माना डोलावल्या होत्या. पण नवरीला न्हाऊ घालण्यात वाढलेले आमचे हात! आधी तेल, मग हळद, एवढंच त्यांना ठाऊक. हातांनी डोक्याला विचारलंच नाही. आम्ही जवसाचं तेल घेऊन खुर्च्यांना चोळचोळ चोळलं आणि वर रंगाचे थर दिले. देवदारानं आधीच पोटभर तेल पिऊन घेतलेलं, आता रंगाला आत जागा कुठली? तो बिचारा वरच बसला. आम्हाला त्याची गंधवार्ता नाही. आम्ही हळदीची गाणी म्हणत होतो, आंब्याच्या पानानं खुर्च्यांच्या पायांवर हळद शिंपडत होतो. मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या राहिल्या.

झोपाळा चिंचेच्या पाण्यानं घासून जरा उजळवला, देवदार जरा गडद केलं, बाज आणि पाट त्या दोघांच्या मधे आणून बसवले. संध्याकाळी दारात उभं राहून पाहिलं तर सगळी लाकडं एका आईची लेकरं वाटत होती. मला इतका आनंद झाला की मी वहिनीला उचलून गिरकी घेतली.

पाहुणे आले तो बाजाराचा दिवस होता. पांढरीशुभ्र धोतरं, वर कोट, घामानं निथळलेले. वडील एका खुर्चीवर बसले, मुलगा दुसरीवर. मुलाची आत्या झोपाळ्यावर बसून पायानं झोका घेऊ लागली. वडिलांनी बैठकीवरून सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले, "सागवान बराबर जमलंय तुमचं." दादा खोकला. दाराआड वहिनीनं मला चिमटा काढला, मी पदर तोंडात कोंबला.

मी चहा घेऊन गेले. आत्यानं माझे पिवळे हात पाहिले. "हळद शिजवती का गं?" मी व्हय म्हटलं. वसमतची मुलगी, हळदीचे दिवस, तिला त्यात काही नवल वाटलं नाही. मग मी मुलापुढं कप धरला. त्यानं हात पुढं केला. त्याचा तळवा पिवळाधमक होता. घामेजल्या हातानं खुर्चीचा दांडा धरला होता त्यानं; घामानं चुन्याची लाली उडाली आणि नुसती हळद हाताला लागली. त्यानं तळव्याकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मूठ मिटली, कोटाच्या खिशात घातली आणि डाव्या हातानं कप घेतला.

त्यानंतर तो हलेना. दादा म्हणाला, परसात हातपाय धुवा. "नको." आत्या म्हणाली, इकडं झोपाळ्यावर ये, वारं लागतं. "बरा हाय इथंच." मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. माझ्यासाठी हा माणूस खिळून बसला होता.

पण वडील उठले. त्यांनी पाठ वळवली आणि आत्या किंचाळली. धोतराच्या मागच्या बाजूला खुर्चीच्या पट्ट्या जशाच्या तशा उमटल्या होत्या, सगळ्या पिवळ्या. मग मुलालाही उठावंच लागलं. त्याच्या पाठीवर तर ती उलटी इंग्रजी अक्षरं सुलटी होऊन आली होती.

"हे काय हाय?" वडिलांचा आवाज चढला. "सुपारी फुटली न्हाई, बोलणं झालं न्हाई, आन् पोराला हळद? हळद लागलेलं पोरगं घेऊन आता मी दुसऱ्या दारात जाऊ काय? डाव करून राहिले का तुमी?"

दादाचा चेहरा देवदारापेक्षा पांढरा पडला. वहिनी आतून धावली, सगळं आपल्या अंगावर घ्यायला. तिच्याआधी माझंच तोंड उघडलं.

"मी लावली."

"काहून?"

"खुर्च्या पांढऱ्या होत्या. तुमच्या घरी समदं सागवान हाय म्हणून ऐकलं. आमचं घर तुमाला बरं दिसावं म्हणून लावली. मला हे स्थळ पाहिजे होतं."

बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलले ते. मुलीनं असं बोलायची रीत नव्हती. दादानं डोळे मिटून घेतले. झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती, कारण आत्या त्यावर बसल्या बसल्या हसून गदगदत होती. "दादा," ती वडिलांना म्हणाली, "तुमालाबी लागली की हळद! या वयात!" वडील आपली पाठ पाहायला गोल फिरले, पुन्हा फिरले, आणि पाठ काही दिसेना. माझं हसू फुटलं. वहिनीचं फुटलं. वडिलांचं मात्र नाही.

"घरी जाऊन कळवू," ते म्हणाले. याचा अर्थ आम्हा सगळ्यांना माहीत होता. असं म्हणून गेलेल्यांकडून कधी काही कळत नसे.

दारात वडिलांनी आपला शेला मागून कमरेला गुंडाळला आणि आत्याजवळचं उपरणं मुलापुढं धरलं. "झाक ते. स्टेशनापर्यंत भर बाजारातून जायचंय."

मुलानं उपरणं घेतलं, नीट घडी केली आणि खांद्यावर टाकलं. मग पायऱ्या उतरून सगळ्यांच्या पुढं चालू लागला, पिवळी पाठ बाजाराला दाखवत, मंगलाष्टक म्हणताना उभा होता तसाच ताठ. वहिनी आणि मी खिडकीच्या गजांना चिकटलो. लोक वळून वळून पाहत होते. समोरच्या हळदीच्या दुकानातून कुणीतरी हाळी दिली, "ओ नवरदेव, लगीन कुठं हाय?"

तो थांबला, मागं वळला आणि आमच्या घराकडं बोट दाखवलं.